घरच्या गॅरेजमध्ये धातू कापायला कोणती करवत घ्यावी

धातू कापायची करवत घ्यायची म्हटलं की नवखा माणूस आधी यंत्राकडे बघतो: किती वॉटचं, किती इंचाचं, सोबत काय काय येतं. हातावर काम असलेला कारागीर आधी विचारतो, कापायचं काय? २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, ५० मिमीची भरीव सळई आणि १ मिमीचा पत्रा, या तिघांचं भांडण एकाच करवतीने मिटत नाही. म्हणून सुरुवात कागद-पेन्सिलीने करावी.

आधी यादी

पुढच्या वर्षभरात करायची कामं डोळ्यांसमोर आणा आणि प्रत्येकासमोर लिहा: धातू कोणता (साधं पोलाद म्हणजे एमएस, स्टेनलेस, ॲल्युमिनियम, पितळ, बीड), आकार कोणता (पाइप, अँगल, पट्टी, भरीव सळई, पत्रा), भिंतीची जाडी किती, सगळ्यात मोठं माप कोणतं आणि एका बैठकीत किती काप. शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात: कापल्यावर त्या तुकड्याचं काय होणार? वेल्डिंग होणार असेल तर अर्धा मिमी इकडेतिकडे चालतं. लेथवर जाणार असेल तर टोक पुढे फेस (सपाट) करताच येतं, तेव्हा काप सरळ असण्यापेक्षा टोक न तापणं महत्त्वाचं. आणि तुकडा तसाच दिसणार असेल तर कड स्वच्छ हवी.

शंकास्पद माल असेल, म्हणजे जुना एक्सल, स्प्रिंगची पट्टी, उच्च ताकदीचा बोल्ट, तर कोपऱ्यावर कानस ओढून बघा. कानस चावली तर करवतीचे दातही चावतील. कानस काचेवरून जावी तशी घसरली तर तो माल कडक केलेला आहे. तिथे दाताची कोणतीही करवत लावू नका, फक्त घर्षण चकती (दातांशिवाय घासून कापणारी) लावा.

वेगाचा भाग आधी समजून घ्या

धातू कापायचे गॅरेजला परवडणारे मार्ग दोन. एक, दाताने सोलून कीस काढणं. दोन, चकतीने घासून झिजवणं. पहिल्याला संथ वेग लागतो, दुसऱ्याला प्रचंड. ३५५ मिमीची घर्षण चकती मिनिटाला ३,९०० फेरे घेते तेव्हा तिची कड सेकंदाला साधारण ७२ मीटर पळते. लहान बँडसॉचं, म्हणजे अखंड पट्टीच्या पात्याच्या करवतीचं, पातं सेकंदाला अर्धा ते एक मीटर चालतं.

दात वेगात पोलादावर लावला तर त्याचं टोक तापतं आणि मऊ पडतं. साधं कार्बन पोलाद २००–२५० अंश सेल्सिअसच्या पुढे कडकपणा सोडू लागतं, हायस्पीड स्टील ६०० अंशांच्या आसपास तग धरतं. लाकडाची करवत पोलादावर का चालत नाही, यंत्रासोबत आलेलं स्वस्त पातं चार दिवसांत का मरतं, आणि स्टेनलेसवर वेग वाढवला की काप पुढे सरकायचाच का थांबतो, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर त्या आकड्यांत आहे.

दात किती बारीक

पात्यावर टीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात किती दात. नियम असा: कापाच्या आत एका वेळी किमान ३ दात असले पाहिजेत, ६ ते १२ असले तर उत्तम, आणि २४ च्या वर गेले तर दातांमधल्या खोबणी किसाने भरून पातं नुसतं घासत राहतं.

हिशोब सोपा आहे. २५.४ ला टीपीआयने भागलं की दोन दातांमधलं अंतर मिमीमध्ये मिळतं. त्याची तिप्पट म्हणजे त्या पात्याने कापता येणारी किमान जाडी:

- १४ टीपीआय: सुमारे ५.४ मिमी
- १८ टीपीआय: सुमारे ४.२ मिमी
- २४ टीपीआय: सुमारे ३.२ मिमी
- ३२ टीपीआय: सुमारे २.४ मिमी

मग १.६ मिमी भिंतीचा पाइप कापायचाच नाही का? कापायचा, ३२ टीपीआय पात्याने, आणि करवत तिरपी धरून, म्हणजे पातं भिंतीतून आडवं जाताना त्याला जास्त जाडी मिळते. नियम मोडला की काय होतं तेही सांगून ठेवू. पातळ भिंत दोन दातांच्या मधल्या खोबणीत अडकते, पुढचा दात तिच्यावर आदळतो आणि तुटतो. एक दात गेला की त्यामागच्या दातावर दुप्पट भार येतो, मग तोही जातो. दात ओळीने गेलेले दिसले की समजावं, पातं जाड दातांचं होतं.

पहिली खरेदी: बेंच वाइस आणि हॅकसॉ

विजेची कोणतीही करवत घेतली तरी हाताने चालवायची हॅकसॉ सुटत नाही, म्हणून तिथेच थोडे जास्त पैसे घाला. फ्रेम दणकट, ताण चांगला देता येणारी आणि ३०० मिमी पात्याची घ्या. पाती बायमेटल घ्या: कडेला हायस्पीड स्टीलचे दात, पाठीला लवचीक पोलाद. पूर्ण कडक पाती सरळ कापतात, पण नवख्याच्या हातात कटकन मोडतात. २४ आणि ३२ टीपीआयची प्रत्येकी काही आणि भरीव मालासाठी १८ ची एखाददोन, एवढा साठा पुरतो.

वापरताना:

1. दातांची टोकं पुढे, म्हणजे तुमच्यापासून लांब. पात्यावर बाण असतो.
2. ताण नीट द्या. सैल पातं कापात वळतं आणि मोडतं. दोनचार कापांनंतर पातं तापून किंचित लांबतं, तेव्हा पंखनट पुन्हा थोडा आवळा.
3. कापाची रेघ वाइसच्या (शिकंज्याच्या) जबड्यापासून ६ ते १० मिमीवर ठेवा. लांब ठेवली तर माल थरथरतो, करकर आवाज येतो आणि दात जातात.
4. सुरुवातीला कानशीच्या कडेने एक बारीक खाच पाडा, म्हणजे पातं घसरत नाही.
5. मिनिटाला ४० ते ५० फेरे, पात्याची पूर्ण लांबी वापरून. पुढे जाताना दाब, मागे येताना दाब सोडायचा. घाईघाईने मधल्या चार इंचांनी कापत राहिलं की तेवढेच दात बोथट होतात.

एक बारकावा. पातं अर्ध्यात मोडलं तर नवं पातं त्याच चिरेत घालू नका. पात्याचे दात आळीपाळीने डावीउजवीकडे फाकवलेले असतात, वापराने ती फाक झिजते आणि चीर अरुंद होत जाते. नवं रुंद पातं तिच्यात अडकतं आणि पहिल्या मिनिटातच खराब होतं. माल फिरवून दुसऱ्या बाजूने काप सुरू करा.

१ मिमीच्या आसपासचा पत्रा दोन प्लायवुडच्या तुकड्यांत दाबून तिन्ही एकदम कापावेत. पत्रा फडफडत नाही, बरही (कडेला उरणारी धारदार कोर) कमी निघते.

अँगल ग्राइंडर

बहुतेक गॅरेजमध्ये दुसरं हत्यार हेच येतं, आणि आलंही पाहिजे. १०० किंवा १२५ मिमीचा ग्राइंडर अवघड जागी पोचतो, गंजलेला बोल्ट उडवतो आणि वेल्ड घासतो. कापण्यासाठी १ ते १.२ मिमीची पातळ चकती घ्या. पातळ चकती लवकर झिजते, पण कमी धातू घासते, त्यामुळे काप थंड राहतो. जाड आणि भरीव मालाला १.६ मिमी बरी. स्टेनलेसवर ‘आयनॉक्स’ असं लिहिलेलीच चकती वापरायची, आणि तीही आधी साध्या पोलादावर वापरलेली नको. पोलादाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि काही दिवसांनी तिथे गंजाचे ठिपके येतात.

हात कितीही स्थिर असला तरी ग्राइंडरचा काप काटकोनात येणं नशिबाचा भाग आहे. चाळीस तुकडे एकसारखे हवे असतील तर हे हत्यार नव्हे.

धोके याच हत्यारात सगळ्यात जास्त आहेत, म्हणून काही गोष्टींवर तडजोड नाही:

- गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) काढायचं नाही. मोठी चकती बसावी म्हणून तर मुळीच नाही. मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर १२५ मिमी चकतीची कड सेकंदाला सुमारे ७८ मीटर पळते, आणि चकतीवरची मर्यादा सहसा ८० असते. त्याच यंत्रावर १८० मिमी चकती लावली तर वेग ११३ मीटर होतो. चकती फुटते.
- मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते. मुदत संपलेली, भिजलेली किंवा पडलेली चकती टाकून द्या. नवी चकती लावल्यावर मिनिटभर मोकळी फिरवा, तिच्या रेषेत न उभं राहता.
- दात असलेली चकती ग्राइंडरला कधीही लावू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. दात अडकला की यंत्र हातातून सुटून थेट अंगावर येतं.
- कापायच्या पातळ चकतीच्या बाजूने घासू नका.
- चकती स्वतःहून ज्या दिशेला पळू बघते, तिच्या उलट दिशेने ग्राइंडर सरकवा. पळत्या दिशेने ढकललं तर तो उसळी मारून कापाबाहेर येतो.

चकती अडकते ती बहुतेक वेळा माल चुकीचा टेकवल्यामुळे. पाइप दोन्ही टोकांना टेकवून मधे कापला की वजनाने मधला भाग खाली जातो, वरची चीर मिटते आणि चकती चिमटली जाते. आधार कापाच्या जवळ, एकाच बाजूला द्या. सुटणारा तुकडा मोकळा लोंबकळू द्या, म्हणजे कापत जाल तशी चीर उघडत जाते. हे तत्त्व पुढच्या सगळ्या करवतींना लागू आहे.

चॉप सॉ: एकसारख्या दिसणाऱ्या दोन करवती

फाटक, टेबल, रॅक, शेड अशी चौकटीची कामं करणाऱ्याला चॉप सॉ सोयीची: खाली पाया आणि वाइस, वर बिजागरीवर मोटर, हँडल खाली ओढलं की काप. घर्षण चकतीची आणि दातेरी पात्याची अशा दोन जातींत ती येते. दोन्ही ३५५ मिमीच्या, दोन्हींचं भोक बहुधा २५.४ मिमी. गोंधळ इथूनच होतो.

घर्षण चकतीची करवत स्वस्त, राकट आणि काहीही कापणारी. कडक केलेला मालही कापते. बदल्यात ठिणग्यांचा फवारा, काळी धूळ, कानठळ्या बसवणारा आवाज, कडेला जाड बर आणि तापलेलं टोक. जास्त कार्बनच्या पोलादाचं तापलेलं टोक लगेच थंड झालं तर कडक होतं, मग तिथे ड्रिल चालत नाही. जाड चकती दाबाखाली वाकते, त्यामुळे काप वरून सरळ दिसला तरी खाली तिरका जातो. चकती झिजून लहान होत जाते तशी कापाची खोलीही घटते.

दातेरी करवतीला ‘ड्राय कट’ म्हणतात. तिच्या पात्याला कार्बाइडचे किंवा सर्मेटचे (दोन्ही फार कडक पदार्थ) ६६ ते ९० दात असतात आणि ती मिनिटाला १,३०० ते १,५०० फेरे घेते. ठिणग्या नाममात्र, कीस निघतो, बर अगदी बारीक, आणि तुकडा थोड्या वेळात हातात धरता येतो. किंमत जास्त, पातं महाग. पण पात्याला पुन्हा धार लावता येते आणि चौकटीच्या कामात साफसफाईचा वेळ इतका वाचतो की वारंवार वेल्डिंग करणाऱ्याने पैसे साठवून हीच घ्यावी, असं आमचं मत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दातेरी पातं घर्षणाच्या यंत्रावर बसतं, पण चालवायचं नाही. १,४५० फेऱ्यांवर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर असतो, घर्षणाच्या यंत्रावर तो ७२ होईल. कार्बाइडचे तुकडे गोळीसारखे सुटतात. उलट प्रकारही निरर्थक आहे: घर्षण चकती संथ यंत्रावर लावली तर ती कापतच नाही, नुसती झिजते.

दोन्हींमध्ये माल कसा बसवला यावर अर्धा निकाल ठरतो. पात्याला एका वेळी कमीत कमी रुंदी मिळावी, हा हेतू. अँगल उलट्या ‘व्ही’सारखा, दोन्ही कडा खाली टेकवून. चॅनल पाय खाली करून. चौकोनी पाइप शक्य असेल तर ‘व्ही’ ठोकळ्यांत कोपरा वर करून, नाहीतर सपाट पण घट्ट. पट्टी उभी. सपाट रुंद पृष्ठभागावर घर्षण चकती उतरवली की तिचे कण बोथट होतात, ती चकाकायला लागते आणि धातू कापण्याऐवजी तापवते. अशा वेळी हळूहळू कुरवाळत बसू नका, घट्ट एकसारखा दाब द्या. ड्राय कटमध्ये उलटं: पहिला स्पर्श अगदी हलका, चीर पडल्यावर दाब. पात्याचे दात तुटतात ते बहुधा पहिल्याच धक्क्याला किंवा माल वाइसमध्ये फिरल्याने.

कापाची रुंदी मापात धरा. घर्षण चकती ३ मिमी खाते. ६ मीटरच्या पाइपाचे ६०० मिमीचे दहा तुकडे काढायला नऊ काप लागतात, म्हणजे २७ मिमी चुरा, आणि दहावा तुकडा ५७३ मिमीचाच येतो. १ मिमीची चीर पाडणाऱ्या बँडसॉवर तो ५९१ येतो.

बँडसॉ

लेथ, मिलिंग, ड्रिलिंग अशी कामं असतील, भरीव माल कापायचा असेल किंवा गॅरेज घराला चिकटून असेल आणि आवाज-ठिणग्या नको असतील, तर आडवी बँडसॉ घ्यावी. घरगुती वापराचं रूढ माप म्हणजे ४ बाय ६ इंची: पातं १,६३८ मिमी लांब, १२.७ मिमी रुंद, ०.६४ मिमी जाड. ती हळू कापते, पण शांतपणे कापते, तिच्या शेजारी उभं राहून बोलता येतं. माल वाइसमध्ये धरायचा, हात सोडायचा, ती स्वतःच्या वजनाने उतरते आणि काप संपला की बंद होते. तोवर शेजारी राहून दुसरं काम करा, पण तिला सोडून घरात जाऊ नका.

नवी बँडसॉ पेटीतून काढून लगेच कापायला लावली की काप तिरका येतो आणि लोक यंत्राला नावं ठेवतात. आधी ही जुळणी करा, प्लग काढून:

1. सोबत आलेलं पातं बाजूला ठेवा. बायमेटल पातं घाला, शक्यतो एम४२ दातांचं, ज्यात ८ टक्के कोबाल्ट असतं.
2. दातांची दिशा तपासा: कापात दात मोटरकडच्या चाकाकडे ओढले जातात. पात्याची गुंडाळी उलगडताना हातमोजे घाला, ती उसळते.
3. ताण द्या. दोन गाइडच्या (पातं सरळ धरणाऱ्या भागांच्या) मधे पातं अंगठ्याने आडवं दाबलं तर जेमतेम हलावं.
4. चाक हाताने फिरवून पातं चाकाच्या मागच्या कडेजवळ स्थिर चालतं का बघा. पुढे सरकत असेल तर ट्रॅकिंगचे (चाकाचा कल बदलणारे) स्क्रू थोडेथोडे फिरवा. पातं वारंवार उतरतं त्याचं कारण नव्वद टक्के इथेच असतं.
5. गाइडची बेअरिंगं पात्याला दोन्ही बाजूंनी लागलेली हवीत, पण बोटाने फिरवता आली पाहिजेत. पाठीमागचं बेअरिंग कागदाएवढं दूर.
6. गुण्या बेडवर ठेवून पात्याच्या सपाट भागाला लावा, दातांना नव्हे; फाकलेले दात गुण्याला फसवतात. पातं उभं नसेल तर गाइडचा ब्लॉक फिरवा.
7. वाइसचा स्थिर जबडा पात्याशी काटकोनात आहे का, तेही त्याच गुण्याने.

पात्यावर ६/१०, १०/१४, १४/१८ असे जोडआकडे दिसतील. दातांचं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवलेलं असतं, त्यामुळे थरथर कमी होते. २५ ते ५० मिमी भरीव मालाला ६/१०, मिश्र कामाला १०/१४, पातळ भिंतीच्या पाइपाला १४/१८. एकच घ्यायचं तर १०/१४ घ्या आणि पातळ पाइपावर दाब कमी ठेवा.

वेग बदलायला पुली असतात, साधारणपणे मिनिटाला २४, ३७ आणि ६१ मीटर. स्टेनलेस आणि टूल स्टीलला सगळ्यात हळू, एमएसला मधला, ॲल्युमिनियम-पितळेला वरचा. पट्टा बदलायचा कंटाळा येतो खरा, पण स्टेनलेसला मधल्या वेगावर एक काप घेतला तरी पात्याचं आयुष्य निम्मं होऊ शकतं. स्टेनलेस घासलं गेलं की पृष्ठभागावरच कडक होतं, म्हणून तिथे वेग कमी आणि दाब पुरेसा हवा. नुसतं कुरवाळणं सगळ्यात वाईट.

नवं पातं मुरवायला लागतं. दाताची नवी धार सुईसारखी असते, पूर्ण दाब दिला की टोकं सूक्ष्म तुटतात. पहिल्या ३०० चौरस सेंटीमीटरपर्यंत दाब निम्मा ठेवा. ५० मिमी भरीव सळईचे साधारण पंधरा काप.

दाब बरोबर आहे का, ते कीस सांगतो. सैल, वळलेला, चांदीसारखा कीस म्हणजे ठीक. भुकटी पडत असेल तर दाब कमी आहे किंवा वेग जास्त. जाड आणि निळसर कीस निघत असेल तर दाब किंवा वेग कमी करा. काप एकाच बाजूला झुकायला लागला तर क्रमाने बघा: ताण सैल झालाय का, गाइडचा दांडा मालापासून लांब राहिलाय का, दाब जास्त आहे का, आणि शेवटी पात्याची एका बाजूची फाक झिजली आहे का. शेवटचं असेल तर कुठलीही जुळणी उपयोगाची नाही, पातं बदला.

आखूड तुकडा पकडताना वाइसचा हलता जबडा तिरका होतो आणि तुकडा सुटतो. जबड्याच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा ठोकळा ठेवा. बीड कोरडंच कापा. ॲल्युमिनियमला पात्यावर मेणाची कांडी टेकवा, नाहीतर खोबणी भरतात.

जागा नसेल तर हातात धरायची पोर्टेबल बँडसॉ हा चांगला पर्याय आहे. मोठ्या मॉडेलमध्ये १२५ मिमीपर्यंतचा माल बसतो. काटकोन मात्र हातावर अवलंबून, स्टँडवर बसवली तर बरीच सुधारते.

बाकीच्या करवती थोडक्यात

जिगसॉ वक्र रेघांसाठी आणि ३ मिमीपर्यंतच्या पत्र्यासाठी चांगली, धातूचं बारीक दातांचं पातं आणि कमी वेग ठेवून. रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं पुढेमागे चालवणारी) तोडफोडीसाठी. मापात कापायला घेऊ नका. कूलंटवर (थंड ठेवणाऱ्या द्रवावर) चालणारी, मिनिटाला ४०–१०० फेऱ्यांची खरी कोल्ड सॉ अप्रतिम काप देते, पण ती जड, महाग आणि बऱ्याचदा थ्री-फेज असते. लाकडाच्या मायटर सॉवर ॲल्युमिनियम कापता येतं, मात्र ऋण कोनाच्या (मागे झुकलेल्या) दातांचं ॲल्युमिनियमचंच पातं लावून, मेण लावून आणि माल शिकंज्यात धरून. पोलाद तिच्यावर कधीच नाही. ॲल्युमिनियमला घर्षण चकतीही टाळा. धातू वितळून चकतीत भरतो.

मग घ्यायचं काय

वाइस, हॅकसॉ आणि ग्राइंडर हा पाया. यावर दोनतीन महिने काम करा, तोवर यादीतलं खरं आणि हौशी वेगळं होतं. पुढे वेल्डिंगची चौकटी कामं जास्त असतील तर चॉप सॉ: महिन्यात चारदोन काप असतील तर घर्षणाची, दर आठवड्याला असतील तर ड्राय कट. भरीव माल आणि यंत्रकाम असेल तर आडवी बँडसॉ. दोन्ही प्रकारची कामं असतील तर बँडसॉ आधी. ती चौकटीही कापते, हळू का होईना, पण चॉप सॉ भरीव सळईपुढे दमते.

गॅरेजची तयारी

गॅरेजमध्ये पेट्रोल, तेलकट फडकी, रंग आणि गाडी असते. ठिणग्या कित्येक मीटर जातात, गाडीच्या काचेत रुततात आणि रंगावर गंजाचे ठिपके सोडतात. गाडी बाहेर काढा, ज्वलनशील सगळं हलवा, चार्जिंगला लावलेल्या लेड-ॲसिड बॅटरीजवळ कापू नका, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो. काम संपल्यावर किमान अर्धा तास तिथे लक्ष ठेवा. भुशात पडलेली ठिणगी उशिरा पेट घेते. पोलाद घासल्याची आणि ॲल्युमिनियमची धूळ एकत्र साठू देऊ नका, ते मिश्रण भयंकर तापमानाने जळतं. जस्त चढवलेला पाइप घर्षणाने कापताना जस्ताचा धूर निघतो, दार उघडं आणि तोंडाला योग्य मास्क हवा.

डोळ्यांना गॉगल आणि वर फेस शील्ड, कानांना मफ. बँडसॉचं पातं फिरत असताना हातमोजे नकोत, ते ओढले जातात. तापलेला तुकडा उचलताना घाला.

३५५ मिमीच्या यंत्रांना २,००० वॉटच्या पुढे वीज लागते, २३० व्होल्टवर ९–१० अँपिअर, आणि सुरू होताना त्याहून बरीच जास्त. एक्स्टेंशन लागलंच तर २.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचं, आणि पूर्ण उलगडलेलं. गुंडाळलेली वायर आतून तापते.

काटकोन तपासणं

नवीन किंवा जुनी, कोणतीही करवत असो, पहिला काप वाया घालवायच्या पाइपावर घ्या. गुण्या दोन दिशांनी लावा: वरून खाली आणि आडवा. १०० मिमी उंचीवर १.७५ मिमी फट म्हणजे १ अंशाची चूक. ४५ अंशांसाठी दोन तुकडे कापून कोपरा जुळवा आणि मग ९० मोजा, म्हणजे चूक दुप्पट होऊन दिसते. चौकटीत असे आठ काप येतात. प्रत्येकी अर्धा अंश चुकला तर शेवटचा कोपरा ४ अंशांनी उघडा राहतो. यंत्रावर छापलेल्या कोनमापावर विसंबू नका.

जुनी करवत घेत असाल तर गुण्या सोबत न्या आणि विकणाऱ्याला काप करून दाखवायला सांगा. चॉप सॉची चकती काढून स्पिंडल (चकती बसते तो दांडा) वरखाली हलवा, खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय. बिजागरी आडवी हलत असेल तर काप कधीच सरळ येणार नाही. गार्ड नसेल तर सौदा सोडा. बँडसॉच्या चाकांच्या कडांवर बोट फिरवा, खाचा पडलेल्या असतील तर पातं उतरत राहील. गिअरबॉक्सचं झाकण उघडून तेल बघा. त्यात पिवळी चमक दिसली, तर आतला कांशाचा वर्म गिअर झिजतोय. तो मिळतो का आणि किती दिवसांत, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.